राजसीचा किल्ला आणि पप्पांचं मत

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला बसायला जागा मिळते, पाय ठेवायला मिळेलच असं नाही. सोफ्याखाली डबे, पलंगाखाली डबे, टीव्हीच्या खालच्या कप्प्यात डबे. फरसाणाचे, बिस्किटांचे, लोणच्याचे. आणि सगळ्यांत प्लास्टिकचे ठोकळे, एकावर एक दाबून लहान मुलं घरं नि गाड्या बनवतात ते. आमच्याकडे ते लहान मुलांचे नाहीत. आमच्या ह्यांचे आहेत, आणि ह्यांची पन्नाशी कधीच उलटली.

हे म्हणजे रघुनाथ शेलार. अंबरनाथच्या एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. झाकण फिरवून बघायचं, सैल असलं की नापास, घट्ट असलं तरी नापास. आयुष्यभर हेच करत आलेल्या माणसाशी संसार म्हणजे काय, ते मला विचारा. पोळीसुद्धा उचलून उजेडात धरतात. वाईट काही बोलत नाहीत, पण बघतात.

ठोकळ्यांचं वेड राजसीपायी लागलं. ती आमची एकुलती एक. पहिलीत असताना ह्यांनी उल्हासनगरच्या बाजारातून तिला एक डबा आणला आणि बदलापूरच्या ह्याच घरात बापलेक फरशीवर मांडी घालून बसले. मुलं मोठी होतात, खेळणी सुटतात. ही डिझाइन शिकायला गेली आणि हे फरशीवरच राहिले. बिल्डिंगमधले लोक विचारायचे, "काय शेलार, नातवाची तयारी का?" हे शांतपणे म्हणायचे, "नाही, माझ्यासाठी आणलंय." मग लोकांना हसताही येईना आणि गप्पही बसवेना.

पुढे मोबाईलवर व्हिडिओ सुरू झाले. नवा सेट बाजारात आला की आणायचा, बांधायचा आणि मत सांगायचं. व्हिडिओत चेहरा नसतो, फक्त आमचं जेवणाचं टेबल, ह्यांचे दोन हात आणि आवाज. मी म्हटलं होतं, कोण रिकामा बसलाय बघायला! पण नागपूरचा एक दातांचा डॉक्टर, कोल्हापूरचा वकील, शहाडचा गॅरेजवाला, असे चांगले मिशीवाले बाप्ये ह्यांच्या मतासाठी थांबून राहतात. "शेलार सर, तो नवा जहाजाचा सेट घेऊ का?" असं विचारतात. घरात ह्यांना कोणती भाजी आणायची ते विचारून आणावी लागते, तो भाग वेगळा.

नव्या सेटांवर ह्यांचा राग आहे, आणि तो रोजचा आहे. पहिला राग स्टिकरवर. पूर्वी ठोकळ्यावर छापून यायचं, आता कागदाचा स्टिकर देतात आणि तुम्हीच चिकटवा म्हणतात. "म्हणजे वाकडा लागला तर चूक माझी. हुशार आहेत लेकाचे." दुसरा राग मोठ्या तयार तुकड्यांवर. अख्खी भिंत एका तुकड्यात येते. "हे बांधणं नव्हे, हे मांडव घालणं झालं." आता ठोकळे नंबर घातलेल्या पिशव्यांत येतात, त्याचाही राग. ढिगात हात घालून हवा तो पीस शोधण्यात अर्धी मजा असते म्हणे, आणि हे लोक एकेक घास भरवतात. सूचनांचं छापील पुस्तक न देता मोबाईलवर बघा म्हणणारी कंपनी निघाली, तेव्हा हे दोन दिवस तिच्याबद्दलच बोलत होते. प्लास्टिकच्या फुलांचे सेट निघाले, त्यांना मात्र एका वाक्यात निकालात काढलं: "कोमेजतच नाहीत, तर बदलायचं काय?" डब्यावर 'अठरा वर्षांवरील' असं छापलेलं पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी तेवढे खूश झाले. "किर्ती, हे बघ, आता मी नियमात बसतो."

पण खरी कसोटी वेगळीच आहे. हे सेट एकदा पुस्तकात बघून बांधतात. मग मोडतात, पुस्तक बाजूला ठेवतात आणि त्याच ठोकळ्यांतून दुसरं काहीतरी बांधून बघतात. "पुस्तकातलं बांधणं म्हणजे शुद्धलेखन. निबंध नंतर." ज्याचा निबंध होत नाही तो सेट नापास. एका डब्यातून एकच वस्तू होत असेल तर ते खेळणं नव्हे, फर्निचर आहे, असं हे म्हणतात आणि कुणाचीही भीड ठेवत नाहीत. म्हणून तर लोकांचा विश्वास आहे.

अशा माणसाच्या मुलीने कुठे नोकरी धरावी? उल्हासनगरला, नंदूशेठच्या खेळण्यांच्या कारखान्यात. राहतेही आता तिथेच. सुरुवातीला तिला डब्यांवरची चित्रं काढायला लावलं. गाड्या, डायनोसॉर, पुन्हा गाड्या. मग तिनेच शेठना सुचवलं की आपण दिवाळीच्या किल्ल्याचा सेट काढू. आमच्याच सोसायटीत गेल्या वर्षी मातीचा किल्ला बंद झाला. माती वाहून गटार तुंबतं, असं कमिटीचं म्हणणं. सोनिवलीकडच्या नव्या टॉवरांत तर पहिल्यापासूनच मनाई. पोरांनी किल्ला करायचा कुठे? तर टेबलावर, ठोकळ्यांचा. शेठना पटलं. त्यांनी साचा बनवून दिला, थोडे डबे काढले आणि अट घातली.

किल्ल्याचा डबा घेऊन राजसी रविवारी घरी आली आणि तिने अट सरळ सांगितली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नाही. "शेठ म्हणतात, पप्पांनी व्हिडिओत चांगलं म्हटलं तर मोठा माल काढू. नाहीतर मी परत डब्यांच्या चित्रांवर." मग शेठची नक्कल करत म्हणाली, "बेटी, पप्पा को बोल, दो मीठे शब्द बोल दे, उनका क्या जाता है?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे डब्याचं झाकण उघडून त्याच्या कडा बघत होते.

"एकदा तरी चांगलं म्हणा," मी म्हटलं. "पोटची पोर आहे."

"आधी बांधू तर दे."

बांधताना हे बोलत नाहीत. राजसी शेजारी बसली होती, हात मांडीवर, परीक्षेचा पेपर समोरच तपासला जात असल्यासारखी. मी भाजी निवडायचं निमित्त करून तिथेच बसले. ह्यांनी पहिले दोन ठोकळे दाबले, ओढून बघितले, परत दाबले. "पकड चांगली आहे," म्हणाले. राजसीने श्वास सोडला. स्टिकर एकही नव्हता. तटबंदी लहान लहान ठोकळ्यांची, बुरूज गोल, महादरवाजा दोन बुरुजांच्या बेचक्यात लपवलेला, समोरून दिसू नये असा. तो बघून हे चक्क हसले. वर तळं, सदर, माचीवर चार मावळे. किल्ला पुरा झाला तेव्हा मला खरंच वाटलं की झालं, सुटलो. ह्यांनी तो चारही बाजूंनी फिरवून बघितला आणि म्हणाले, "देखणा आहे गं."

मग मोडला आणि दुसरा बांधायला घेतला.

पुष्कळ वेळ गेला. भाजी निवडून झाली, चिरून झाली. हे एक भिंत लावत, ती आत कलत जाई. काढत, उलटी लावत, मग खालच्या ठोकळ्याचा दाणा वरच्याच्या खोबणीत बसेना. तटाच्या ठोकळ्यांना सगळ्यांना एकाच बाजूने उतार दिला होता. त्या उतारामुळे पुस्तकातला किल्ला सुरेख दिसत होता, आणि त्याच उतारामुळे ते ठोकळे फक्त त्याच किल्ल्यात बसत होते. दुसरा किल्ला सोडा, साधी चौकोनी विहीर होईना.

"शेठनी तटासाठी एकच साचा दिला, पप्पा," राजसी म्हणाली. "सरळ ठोकळ्यांचा वेगळा साचा मागितला होता मी. नंतर बघू म्हणाले."

हे ठोकळा हातात फिरवत राहिले. "आम्ही लहानपणी वाडीत किल्ला करायचो तेव्हा दर वर्षी भांडणं व्हायची. या वर्षी रायगड की सिंधुदुर्ग? जो धोंडा मिळेल त्यावरून कडा ठरायचा. तोच किल्ला दुसऱ्या वर्षी कुणी केलाय का? हा पुढच्या दिवाळीला माळ्यावरून काढायचा आणि तसाच मांडायचा. मग हे गणपतीचं मखर झालं, राजसी. किल्ला नाही झाला."

तिचा चेहरा पडला. माझं डोकं फिरलं. "कारखान्यात झाकणं नापास करता, तशी आता मुलगी नापास करा!" मी म्हटलं. "आपलेच दात नि आपलेच ओठ, एवढं कळत नाही तुम्हाला? त्या दातांच्या डॉक्टरला बरं वाटावं म्हणून हिचं काम घालवणार?" आणखीही बोलले. माझी जीभ सुटली की स्टेशनाबिगर थांबत नाही.

ह्यांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मी ह्याचा व्हिडिओच करत नाही. झालं?"

मला तो तोडगा बरा वाटला. राजसीला नाही वाटला.

"तुम्ही केला नाहीत तर का नाही केला ते सगळ्यांना कळेल," ती म्हणाली. "आणि खोटं चांगलं म्हणालात, तर मला हे काम येतं की नाही ते मला आयुष्यात कधी कळणार नाही. मी लहानपणापासून तुमचे ते डबे बघतेय, पप्पा. तुम्ही कुणालाच सोडलं नाही. मला कशाला सोडताय? बोला जे आहे ते. मी फोन धरते."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. मला रडू येत होतं, आणि ते रागाचं होतं की कसलं ते मलाच कळत नव्हतं.

तिने फोन धरला. ह्यांनी पहिलंच वाक्य असं टाकलं: "मंडळी, हा सेट माझ्या मुलीने बनवलाय आणि आत्ता फोनही तीच धरून आहे. तेव्हा माझ्या कौतुकातलं थोडं वजा करून ऐका." मग पकडीचं सांगितलं, बुरुजांचं, लपवलेल्या दरवाजाचं. मग उताराचा ठोकळा पुढे धरला आणि दोष सांगितला, मखराच्या दाखल्यासकट. "या दिवाळीला घेऊ नका. सरळ ठोकळे आले की मी स्वतः सांगेन." एवढं म्हणून ह्यांनी ठोकळा टेबलावर ठेवला. राजसीच्या हातातला फोन जरासुद्धा हलला नाही.

शेठ भडकले. "तेरे पप्पा ने तो माल ही बिठा दिया," असं तिला सगळ्यांसमोर म्हणाले. राजसी पुन्हा डायनोसॉर काढायला लागली. दिवाळीला ती घरी आली, फराळ केला, ह्यांच्याशी नीट बोलली. पण ठोकळ्यांचा विषय दोघांनीही काढला नाही. हे नवा सेट आणायला बाजारातही गेले नाहीत. डबे जिथे होते तिथे धूळ खात पडले. घर इतकं शांत झालं की मलाच ते सहन होईना. शेवटी मीच म्हटलं, जा, एखादं जहाज तरी घेऊन या. म्हणाले, "बघू."

शेठ धंदेवाला माणूस. त्या व्हिडिओखाली लोक विचारतच राहिले की सरळ ठोकळे कधी येणार. नागपूरचा डॉक्टर तर दर आठवड्याला विचारायचा. होळीच्या सुमारास शेठनी राजसीला बोलावलं आणि म्हणाले, "दूसरा डाय बनाते हैं. लेकिन इस बार तू ही चेक कर, पप्पा को मत दिखा." नवा साचा झाला, तिने स्वतः बसून करून घेतला.

एका रविवारी दुपारी ती पिशवी घेऊन आली. हे लगबगीने टेबल पुसायला लागले. तिने पिशवी त्यांच्यासमोर ठेवलीच नाही. माझ्यासमोर ओतली.

"आई, बांध."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"म्हणूनच. पुस्तक नाहीये. तुला हवा तसा किल्ला कर."

मी ह्या घरात इतकी वर्षं ते ठोकळे झाडूने गोळा केले, पायाला टोचले म्हणून शिव्या दिल्या, पण एकावर एक कधी लावले नव्हते. लावायला बसले. एक भिंत झाली, दुसरी झाली. बुरूज मला गोल जमेना, चौकोनी केला. दरवाजा मी सरळ समोरच ठेवला, कारण मला लपवाछपवी आवडत नाही. मधे देऊळ केलं, पाण्याला टाकं केलं. ठोकळा जिथे लावीन तिथे बसत होता. मला मजा यायला लागली, हे कबूल करते.

हे खुर्चीच्या टोकावर बसले होते. दरवाजा बघून राहवेना, बोट पुढे आलं. "अगं, तिथून शत्रू थेट..."

राजसीने ते बोट बाजूला केलं. "हात लावू नका, पप्पा. बसतंय तिचं." आणि ती किल्ला बघत राहिली. चारही बाजूंनी, मान वाकडी करून, अगदी हे बघतात तशी. मग स्वतःशीच म्हणाली, "झालं हे. बरोबर झालं." फोटो काढून शेठना पाठवला, माझ्या गालाला हात लावला आणि निघाली. तिला उल्हासनगरला परत जायचं होतं, साचा उद्याच चालू करायचा होता.

दार लागलं. हे तिथेच बसून होते.

"तिने मला विचारलंच नाही गं," ते म्हणाले.

"वाईट वाटलं?"

"वाटलं ना." चष्मा काढून त्यांनी डोळे सदऱ्यालाच पुसले. "आता तिला विचारायची गरज नाही, किर्ती. पास झाली ती."