विहिरीकडच्या बांधाची हराळी

जन्मभर मी एकीशीच इमानानं वैर केलं, ती म्हणजे हराळी. माणसांशीही भांडलो, माझं डोकं लवकर तापतं हे जळकोट तालुक्यात कुणालाही विचारा. पण माणसं दोन-चार दिवसांत निवतात. हराळी निवत नाही. उन्हाळ्यात कुदळ घेऊन हातभर खाली जायचं, तिच्या पांढऱ्या काशा, म्हणजे मुळ्या, एकेक करून ओढून काढायच्या, बांधावर वाळवायच्या, जाळायच्या आणि आषाढात बघावं तर सोयाबीनच्या ओळीत बाई पुन्हा हजर. अशा माणसाची एकुलती एक लेक लातूरला शेतीचं कॉलेज शिकली आणि नोकरी कशाची धरली, तर हराळी वाढवायची!

खोटं नाही सांगत. दूरच्या एका शहरात गोल्फचं मैदान आहे, तिथलं गवत सांभाळायचं काम तिला लागलं. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा खाली वाकून दोन पानं चोळली आणि म्हटलं, अगं, ही तर आपली हराळी. ती म्हणाली, तिचीच बहीण आहे आबा, जरा नाजूक. मी कपाळावर हात मारला. गावात कुणी विचारलं तर पोरगी शेतीखात्यात आहे असं सांगून मोकळा व्हायचो.

तर या वर्षी देशाची मोठी खुली स्पर्धा त्यांच्या मैदानावर येणार असं ठरलं. दिवाळीनंतर. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण लेक रोज संध्याकाळी फोनवर सांगायची आणि ऐकता ऐकता मला नाद लागला. ही स्पर्धा मी लहान असल्यापासून चालू आहे म्हणे. कधी या शहरात, कधी त्या. खुली का, तर पोटासाठी खेळणारा असो की हौशी, ज्याच्यात दम आहे आणि जो आधीच्या चाचणीतून तरतो त्याला दार उघडं. सुरुवातीला बाहेरदेशीचे खेळाडू यायचे आणि चषक घेऊन जायचे. आपले लोक कडेला उभे राहून त्यांच्या पिशव्या वाहायचे. मग त्या पिशव्या वाहणाऱ्यांतलेच काही जण मोडक्या काठ्यांनी खेळायला शिकले, आणि एक वर्ष असं आलं की त्यांच्यातलाच एक जिंकला. हे ऐकलं त्या दिवशी मी ताटावरून उठून अंगणात दोन चकरा मारल्या. आमच्या मंडळींना वाटलं, ह्यांना ठसका लागला.

जिंकणाऱ्यांची नावं तिथल्या दिवाणखान्यात एका फळ्यावर सोनेरी अक्षरांत आहेत. पण खरी हकीकत दुसरीकडेच होती. तिथल्या म्हाताऱ्या हेडमाळ्याकडे एक लांबट वही होती. स्पर्धा जेव्हा जेव्हा त्यांच्या मैदानावर झाली, त्या त्या वर्षी गवताचं काय झालं ते त्यानं त्यात लिहून ठेवलं होतं. फळ्यावर पाहुणा खेळाडू तीन फटक्यांनी जिंकल्याचं असायचं, तर वहीत त्याच वर्षी, रानडुकरांनी आठव्या भोकाभोवतीची हिरवळ उकरली, रात्रंदिवस बसून शिवली. एका वर्षी बुरशी. एका वर्षी पाणी तोडलं, टँकरनं जगवलं. कोण जिंकलं ते वहीत कुठंच नव्हतं. म्हातारा यंदा निवृत्त झाला आणि जाताना त्यानं ती वही माझ्या लेकीच्या हातात दिली. यंदाची ओळ तिच्या अक्षरात पडणार होती.

आणि नेमकं यंदाच लफडं झालं. मैदानाला नवीन बोअर पाडलं, त्याचं पाणी निघालं मचूळ. चेंडू घालायच्या शेवटच्या भोकासमोर एक उतार आहे, खाली तळं. त्या उतारावरचं नाजूक गवत त्या पाण्यानं जळून गेलं. नुसती माती उघडी पडली. दोनदा नवीन लावलं, दोनदा गेलं. वरच्या साहेब लोकांनी तिला सांगून टाकलं, श्रावण संपायच्या आत उतार हिरवा दिसला नाही तर प्लास्टिकची चटई अंथरू आणि स्पर्धेसाठी तुमच्या डोक्यावर दुसरा माणूस आणू. माझी पोरगी रडणारी नाही. पण त्या दिवशी फोनवर तिचा आवाज अगदी बारीक झाला.

मग तिला आमच्या विहिरीकडचा बांध आठवला. त्या विहिरीचं पाणीही मचूळ. तिथली हराळी तेच पाणी पिऊन वाढलेली, वर्षानुवर्षं शेळ्यांनी कुरतडून खाल्लेली, म्हणून केसासारखी बारीक आणि जमिनीला चिकटून. लहानपणी लेक तिथंच लोळायची. ती म्हणाली, आबा, काशांसकट, ओल्या गोणपाटात बांधून, आठ पोती पाठवा. मी म्हणालो, आठ कशाला, अठरा पाठवतो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं हराळी मागून राहिलंय.

फोन ठेवला आणि मग आठवलं. आठच दिवसांपूर्वी मी तो बांध फवारला होता. तण मारायचं नवीन औषध आलं होतं, पाठीवर पंप घेतला, आणि माझी बाजू तर मारलीच, वर बांधाचा माथाही धुऊन काढला. जाऊन बघितलं तर सगळं पिवळं धम्मक. आणि माथ्याच्या पलीकडं, उतरत्या बाजूला, अशी हिरवीगार गादी पसरलेली की बघत राहावं. ती बाजू माझ्या चुलतभावाची.

आता हे सांगायला पाहिजे की त्याच्याशी मी बारा वर्षं बोललो नव्हतो. कारण विचाराल तर हीच हराळी. तो शेळ्या पाळतो, त्याला ती हवी. मी वावर चाळणीनं चाळल्यासारखं साफ करायचो, आणि त्याच्या बाजूनं ती पुन्हा माझ्याकडं चालत यायची. एकदा भर पेरणीत मी त्याला चारचौघांत नको नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला की तिला काय मी दोरीनं बांधू? तिथून जे तोंड फिरवलं ते फिरवलं. लग्नकार्यात समोरासमोर पंगतीला बसायचो आणि एकमेकांच्या ताटाकडंही बघायचो नाही. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, लहानपणी त्याच्याच खांद्यावर बसून मी बाजाराला जायचो.

रात्रभर तळमळलो. दुसरीकडून आणावी म्हटलं तर मचूळ पाण्याची हराळी दुसऱ्या कुणाच्या रानात नव्हती. सकाळी उठलो, चहा न घेता बांधावर गेलो. तो शेळ्यांसाठी पाला तोडत होता. मी लेकीचं सगळं सांगितलं, बोअर, उतार, साहेब, चटई. तो पाला तोडतच राहिला. मी बोलायचा थांबलो तेव्हा त्यानं विळा खाली ठेवला.

"तुला काय पाहिजे, ते तोंडानं म्हण."

शिव्या सगळ्या तोंडपाठ, हे एक वाक्य येईना.

"दादा, हराळी दे."

तो हसला नाही, ही त्याची मेहरबानी. घरात गेला आणि दोन कुदळी घेऊन आला. आणि मग आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी दुपारपर्यंत हराळी खणली. कशी खणायची ते आम्हाला कुणी शिकवायला नको. फक्त आजवर ती मरावी म्हणून खणली, आता जगावी म्हणून खणत होतो. काशी तुटली तर तो मला दटावायचा, दमानं, दमानं. आठ पोती भरली, टेम्पोत घातली, लातूरला नेऊन ट्रॅव्हल्सच्या डिकीत चढवली. ड्रायव्हरनं विचारलं पोत्यात काय, मी हराळी म्हणून सांगितलं तर त्याला वाटलं मी चेष्टा करून राहिलो. त्यानं एक पोतं उघडून बघितलं आणि मग माझ्याकडं नीट बघितलं.

लेकीला मात्र मी एवढंच कळवलं की विहिरीकडच्या बांधावरची पाठवली. कुणाच्या बाजूची ते बोललो नाही. दादापुढं वाकलो हे सांगायला लाज वाटली, दुसरं काय. तिनं विचारलंही नाही.

लावून सहा दिवस झाले आणि तिनं फोटो पाठवला. सगळं तपकिरी. माझं जेवण तुटलं. बायकोवर खेकसलो, बैलावर खेकसलो. शेवटी फोन घेऊन तडक दादाच्या गोठ्यात गेलो आणि फोटो त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं डोळे बारीक करून बघितलं आणि या वेळी मात्र हसला.

"सारा जन्म तू तिला मारून राहिला. मेली का?"

आणि खरंच, अकराव्या दिवशी कोंब फुटले. पंधराव्या दिवशी उतार हिरवट दिसायला लागला, श्रावण संपायला चार दिवस असताना नुसता झाकून गेला. लेकीनं फोनवर मला गवत कापायचं मशीन फिरवतानाचा आवाज ऐकवला. मी तो दादाला ऐकवला. आता रोजचंच झालं होतं, लेकीचा फोन झाला की मी बांधावर जायचो आणि स्पर्धेची हकीकत त्याला सांगायचो. कोण कोण येणार, आधीच्या वर्षी काय झालं, फटके जितके कमी तितकं चांगलं हे कसं. हे त्याला काही केल्या पटत नव्हतं. कमी मारतो तो जिंकतो, हा कसला खेळ, असं म्हणायचा. पण ऐकायला बरोबर वेळेवर येऊन बसायचा.

दिवाळीला लेक आली नाही, कामच तसं होतं. स्पर्धेचा शेवटचा दिवस रविवार. आमचा टीव्ही बंद पडलेला, म्हणून दादानं मला त्याच्याकडं बोलावलं. बारा वर्षांनी मी त्याचा उंबरा ओलांडला. वहिनीनं चहा दिला, साखर मला लागते तेवढी, दीड चमचा, तिच्या लक्षात होती.

टीव्हीवर सगळं इंग्रजी. आम्ही आकड्यांवरून समजून घेत होतो. आपल्याकडचा एक पोरगेला खेळाडू एका फटक्यानं पुढं होता, मागं एक उंच गोरा. चार दिवस कापूस वेचणाऱ्यासारखं उन्हात राबून पोराचं तोंड रापलं होतं. शेवटचं भोक आलं. कॅमेरा फिरला आणि मला तो उतार दिसला. मी ओरडलोच, दादा, ही बघ आपली. इतकी हिरवी मी ती कधी बघितली नव्हती, आणि आयुष्यभर मी दुसरं काही बघितलं नाही.

पोरानं लांबून मारला. चेंडू वर गेला, खाली आला आणि हिरवळीच्या अलीकडं पडला. आमच्या उतारावर. आणि मागं घरंगळायला लागला, तळ्याकडं. मी उभा राहिलो. दादाही उभा राहिला. चेंडू सरकला, हळू झाला, आणखी थोडा सरकला आणि पाण्यापासून दोन हातांवर हराळीत रुतून बसला. उघडी माती असती तर बुडालाच होता. पोरगं आलं, वाकलं, हलकेच एक टोला दिला, चेंडू भोकाजवळ. पुढच्या टोल्याला आत. एका फटक्यानं जिंकला. पोरानं टोपी काढली आणि लहान पोरासारखा रडला, आणि मी म्हातारा इकडं तसाच रडत होतो. दादानं माझ्या पाठीत असा धपाटा मारला की चष्मा खाली पडला.

अर्ध्या तासानं लेकीचा फोन आला. मला नीट ऐकू येत नाही म्हणून मी फोन नेहमी मोठ्या आवाजात ठेवतो. ती धापा टाकत होती, हसत होती. चेंडू कुठं थांबला ते बघितलं का, साहेब लोकांनी हात मिळवला, म्हातारे हेडमाळी मुद्दाम बघायला आले होते आणि चपला काढून उतारावर उभे राहिले. मग म्हणाली, आबा, वहीत ओळ लिहिली, वाचून दाखवते. शेवटच्या उतारावर जळकोटची हराळी, माझ्या वडिलांच्या बांधावरून आणलेली.

मी दादाकडं बघितलं. तो टीव्हीकडं बघत होता, तिथं साबणाची जाहिरात चालली होती. मी गप्प बसलो असतो तर तो जन्मात काही बोलला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच मला बसू देईना.

"खोड ते," मी म्हणालो. "आपली बाजू मी औषध मारून जाळली होती. ही दादाची हाय. त्यानं सोता खणून दिली. त्याचं नाव लिही."

मग तिनं अगदी हळू विचारलं, तुम्ही मोठ्या काकांच्या घरी बसलात का? मी हाव म्हणालो. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

दादानं माझ्या हातातून फोन घेतला.

"माझं नाव नको गं बाई. बांध दोघांचा असतो. तसंच लिव."

तिनं तसंच लिहिलं, दोघांच्या बांधावरून. वहिनी आतून विचारत होती, जेवायला थांबणार का. मी हाव म्हणालो.