उजाडायच्या आतलं उत्तर

प्रवासात दिवसा बघण्यासारखं जे असतं, त्यात माझं मन फारसं रमत नाही. देऊळ झालं, समाधी झाली, की माणूस प्रसादाचा पुडा पिशवीत टाकून मोकळा होतो. गाव खरं कळतं ते दिवेलागणीनंतर, कामं आटपून माणसं जरा स्वतःसाठी उरतात तेव्हा. ही माझी तरुणपणापासूनची खोड. तिच्यापायी मी कितीदा उपाशी झोपलोय, दोन गावांत कुत्री मागे लागलीत. पण तिनंच मला जामखेडकडची ती एक रात्र दाखवली, त्यामुळं तिला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, मोठ्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. मी पुण्यात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. चार दिवसांची रजा टाकून शिर्डी केली, शिंगणापूर केलं आणि नगरला स्टँडजवळच्या एका लॉजवर उतरलो. संध्याकाळी मॅनेजरला विचारलं, "इथं रात्रीचं काय असतं हो?" त्यानं मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "तसलं काही आमच्याकडं मिळत नाही." माझी कानशिलं तापली. मी म्हटलं, अहो, भजन, कीर्तन, एखादा खेळ, असं काहीतरी. "मग सिनेमा आहे," तो म्हणाला, "नाहीतर झोपा."

हे गाऱ्हाणं मी समोरच्या हॉटेलात चहावाल्यापुढं मांडत होतो, तर शेजारी एक एसटीचा कंडक्टर बशीत चहा ओतून फुर्रकन पीत बसला होता. ड्यूटी संपवून घरी निघालेला. तो म्हणाला, "भाऊसाहेब, शिर्डीला समदेच जात्यात. आमच्या गावाला कोन येतंय? आज जत्रा हाय, रातभर सामना हाय. येताय का?"

"कसला सामना? कुस्त्यांचा?"

"डोक्याचा," तो म्हणाला आणि माझ्याही चहाचे पैसे देऊन उठला.

जामखेडच्या गाडीत त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. शाहिरांचे दोन पक्ष असतात, कलगीवाले आणि तुरेवाले. कलगीवाले म्हणणार शक्ती मोठी, तुरेवाले म्हणणार शिव मोठा. डफाच्या तालावर गाण्यातूनच सवाल घालायचा आणि गाण्यातूनच जवाब द्यायचा. कंडक्टरचे चुलते कलगीवाले. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. विशीत असताना गुरूनं त्यांच्या डफावर कलगी बांधली, जरीचा लाल गोंडा असतो तो, आणि तेव्हापासून ती उतरलेली नव्हती. आज आष्टीकडचा तुरेवाला आला होता, वयानं तरणा आणि लई तयारीचा.

"आणि हरलं तर?" मी विचारलं.

"तर कलगी आपल्या हातानं सोडून समोरच्याला द्यायची. येकदा सुटली की त्या मानसाला परत बांधता येत न्हाई." एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघायला लागला. आबांचं वय झालं होतं, हल्ली कडवी विसरायला लागले होते, हे त्यानं फाट्यावर उतरून चालायला लागल्यावर हळूच सांगितलं.

गावाबाहेरच्या माळावर पोचलो आणि मी जागच्या जागी उभाच राहिलो. दोन पेट्रोमॅक्स, त्यांच्याभोवती जमिनीवर बसलेली माणसं, आणि उजेड संपतो तिथून पुढंही माणसंच माणसं. पलीकडं सोडलेल्या बैलगाड्या, कडबा चघळणारे बैल. तंबू नाही, तिकीट नाही, खुर्ची नाही. बायका एका अंगाला पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. पाहुणा म्हणून मला अगदी पुढं, आबांच्या मंडळींपासून चार हातांवर घोंगडी टाकून दिली. माझ्या शेजारी एक पागोटंवाले शेतकरी बसले होते. त्यांनी मला तंबाखू विचारली, मी नको म्हटलं, तेवढ्यावर आमची ओळख झाली.

तुरेवाल्यानं सुरुवात केली. आवाज असा, की माळाच्या टोकाच्या बैलानं मान वर करावी. बी नसेल तर झाड कुठून येणार, असं म्हणून त्यानं शिवाचं मोठेपण मांडलं. आबा उठले. बारीक अंगाचे, किंचित वाकलेले, आवाज पिकलेला. भुईच नसेल तर बी रुजायचं कशात, असं त्यांनी अगदी सावकाश विचारलं आणि माणसांमधून नुसतं "व्हय" असं उमटलं. टाळी नाही, शिट्टी नाही. मग देह म्हणजे काय, जीव कुठं बसतो, पंचवीस तत्त्वं कोणती, हे सुरू झालं. मी पदवीधर माणूस, पण निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. शेजारच्यांना मी विचारलं, तुम्हाला हे सगळं कळतं? ते म्हणाले, "सही येत न्हाई मला. ह्ये मातर येतंय." आणि तुरेवाल्याच्या एका कडव्यावर मान हलवून पुटपुटले, "हितं घसरला." दोन कडव्यांनंतर आबांनी त्याला नेमकं तिथंच धरलं. पुण्यात मी व्याख्यानमालांना जाऊन पहिल्या रांगेत डुलक्या काढणारी मंडळी बघितली होती. इथं दिवसभर उन्हात राबलेली माणसं पापणी न मिटता ऐकत होती. मला खरं सांगायचं तर रडू फुटायच्या बेतात होतं, इतकं ते मोठं होतं. आपल्या देशात, आपल्याच भाषेत हे रोज कुठंतरी चालतं आणि आपल्याला पत्ता नाही, याची लाजही वाटली.

शुक्राची चांदणी वर आली तेव्हा तुरेवाल्यानं शेवटचा सवाल घातला. तो मला अजून पाठ आहे:

बाज नाही, घोंगडी नाही, निजला एक म्हातारा,
नातवानं दिली उशी, पाजली पाण्याची धारा,
किती राती मोजल्या त्यानं, सांग उजेडाच्या आधी,
न्हाईतर उतरव कलगी, शाहिरा, सोड ही गादी.

म्हातारा म्हणजे बाणांच्या शय्येवरचे भीष्म, हे तर शेंबडं पोरही सांगेल. अडचण रात्रींची होती. उत्तरायणाची वाट बघत भीष्म किती रात्री पडून होते?

आता इथं एक रीत आहे. सवाल अडला की डफ सावकाश वाजवत राहायचं. डफ वाजतोय तोवर शाहीर हरलेला नाही, तो आठवतोय. डफ थांबला किंवा उजाडलं, की संपलं. आबा खाली बसले, डफावर कान टेकवल्यासारखी मान घातली आणि बोटांनी हलका ठेका धरला. ओठ हलत होते. एवढा मोठा जमाव, पण पोर रडलं तर आई त्याला घेऊन लांब जाई. तो ठेका आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरं, दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

आणि मला उत्तर येत होतं! माझे आजोबा पुराण सांगायचे. भीष्मांच्या तोंडचा त्या रात्रींचा श्लोक त्यांनी मला लहानपणी घोकून घेतला होता. अठ्ठावन्न. पलीकडं कंडक्टर नखं कुरतडत होता. आबांच्या कपाळावर घाम होता. चाळीस वर्षांची कलगी एका आकड्यासाठी जाणार, आणि तो आकडा माझ्या तोंडात. आबांच्या तुणतुणेवाल्यानं पाण्यासाठी खूण केली. तांब्या माझ्याजवळ होता. मी उठलो, आबांच्या पुढ्यात तांब्या ठेवला आणि वाकून त्यांच्या कानाशी म्हणालो, "अठ्ठावन्न."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. डफाचा एक ठोका चुकला, मग ठेका परत लागला. आबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी जागेवर येऊन बसलो तो अगदी पुण्य पदरात पाडून घेतल्यासारखा. शेजारच्यांच्या कानात सांगितलं, "काळजी नको. मी सांगून आलोय."

त्यांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. "काय केलंत ह्ये?" ते म्हणाले. "आवो, ह्यो आकडा हितं धा-वीस जनांला ठावं आसंल. मला बी ठावं हाय. जवाब गुरूच्या तोंडचा लागतो, भाईरचा चालत न्हाई."

मी आजूबाजूला बघितलं. त्या अंधारात दहा-वीस माणसं आपापलं उत्तर दाताखाली धरून बसली होती. आपल्या गावचा माणूस डोळ्यांदेखत बुडतोय आणि एकही जण हूं की चूं करत नव्हता. हे मला कुणी आधी बजावलं नव्हतं, कारण असली गोष्ट सांगावी लागते हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. आणि मी, चार बुकं शिकलेला, तांब्या घेऊन गेलो होतो.

आबा वाजवत राहिले. पूर्वेकडं फटफटायला लागलं, तरी उजाडायला अजून थोडा अवकाश होता. मग त्यांनी आपल्या हातानं डफ थांबवला. सगळी माणसं एकदम ताठ झाली. आबा उभे राहिले आणि गायले नाहीत, नुसते बोलले.

"जवाब मला ठावं झालाय. पन त्यो माझ्या कानावर पडलाय. त्यो माझ्या गुरूचा न्हाई, म्हनून मी त्यो गात न्हाई."

तुरेवाला पुढं आला. "आबा, कुनी सांगितला?"

"त्ये इचारू नगा. चांगल्या मनानं सांगितलाय." एवढं म्हणून त्यांनी डफ मांडीवर घेतला आणि कलगीची गाठ सोडायला लागले. गाठ जुनी, घट्ट बसलेली, लवकर सुटेना. कुणीही मदतीला पुढं झालं नाही. सुटल्यावर त्यांनी ती दोन्ही हातांवर ठेवून तुरेवाल्याला दिली, आणि तो तरणाबांड शाहीर, रात्रभर गर्जत होता तो, आबांच्या पायांवर डोकं ठेवून कितीतरी वेळ उठलाच नाही.

कंडक्टरला मी तिथंच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. त्यानं घोंगडी झटकून घडी घातली. मग म्हणाला, "त्यांलाच सांगा. ते आडावर गेल्यात."

आबा आडावर तोंड धूत होते. सूर्य हातभर वर आला होता. मी जाऊन पाय धरायला वाकलो, तर त्यांनी ओल्या हातांनी मला वरच्या वर धरलं. "पाव्हनं हायसा तुमी," ते म्हणाले. "बसा." आणि मग स्वतःशीच, गुणगुणल्यासारखं, "दोन उण्या साठ राती, जागला बाणांवरती." त्यांच्या गुरूचं कडवं. दोन कमी साठ. अठ्ठावन्न.

"म्हणजे तुम्हाला येत होतं!" मी म्हणालो. "चला, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगू."

"आता उजाडलंय की," ते म्हणाले. "आनि आता माझं मलाच कळत न्हाई, ह्ये गुरूनं दिलेलं वर आलं, का तुमी बोलला म्हनून आलं."

मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण गप्प बसणं माझ्या कुंडलीतच नाही. मी विचारलं, "आबा, मी बोललो नसतो तर?"

माझं मन राखायला ते काहीबाही सांगू शकले असते. म्हाताऱ्या माणसांना ते जमतं. पण त्यांनी तोंड पुसलं, पंचा खांद्यावर टाकला आणि रात्री सवालावर विचार करत होते तसाच माझ्या प्रश्नावर विचार केला. आवाजात राग नव्हता, कडवटपणा नव्हता. विचारलं होतं म्हणून त्यांनी खरं ते सांगितलं.

"आलं आसतं," ते म्हणाले. "तुमी तांब्या आनला तवा कडव्याचं पयलं टोक हाताला लागलं हुतं. उजाडायच्या आत आलं आसतं."