ताता सिमोंची नजर

ताता सिमोंनी एकदा तरी बाद केलेलं नाही असा नेमबाज आमच्या क्लबात शोधून सापडायचा नाही. लिपा शहराबाहेर कॉफीच्या बागा संपतात तिथं आमचं मैदान. तिन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, मध्ये पुठ्ठ्याची माणसं आणि लोखंडी पत्रे. पत्रे ताता सिमोंनीच वेल्डिंग करून उभे केलेले. पण त्यांचं नाव झालं ते वेल्डिंगमुळे नव्हे, 'थांबा' या एका शब्दामुळे. धावता धावता पिस्तुलाचं तोंड जरा मागं वळलं, मॅगझिन बदलताना बोट चापावरच राहिलं, की मागून तो शब्द आलाच. मग समोरचा कोण आहे आणि कुणाचा कोण आहे, हे बघणं नाही. सख्ख्या मेहुण्याला, पोलिसातल्या कर्नलला, त्यांनी नाताळच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद केलं. त्या वर्षी नोचेबुएनाच्या, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीच्या, जेवणाला सासुरवाडीचं एकही माणूस त्यांच्या दारात आलं नाही.

"बरं झालं," ताता सिमो म्हणाले. "हॅम नव्या वर्षापर्यंत पुरला."

मी चोलेंग. त्यांच्या मागे टॅब घेऊन उभी राहते. ते पुठ्ठ्यावरची भोकं बघून गुण ओरडतात, मी टिपते. माझी जीभ तिखट म्हणून बाकीचे रेंज ऑफिसर, म्हणजे नेमबाजामागं उभे राहून आज्ञा देणारे पंच, मला घ्यायला कुरकुरतात. ताता सिमो मुळातच कडू, त्यांना माझ्या तिखटाचं काय. अलीकडे मात्र ते मला पुठ्ठ्याजवळ बोलावू लागले होते. "चोलेंग, तू सांग हे भोक रेषेच्या आत की बाहेर. नुसती बोटं चालवतेस, जरा डोळेही चालव." मला वाटायचं, म्हातारा मला शिकवतोय. मी आपली फुशारून जायची.

आमच्या खेळात वेग आणि नेम दोन्ही लागतात, पण खरी परीक्षा शिस्तीची. पिस्तूल कमरेला असलं तरी आज्ञेशिवाय त्याला हात लावायचा नाही. फेरी झाली की पुढं जाऊन भोकांवर चिकटपट्ट्या लावायच्या, पडलेले पत्रे उभे करायचे. जो हात खिशात घालून उभा राहतो त्याला पुढच्या वेळी कुणी कॉफी विचारत नाही. आणि बाद झालात तर वाद घालायचा नाही. बाद करणाऱ्याशी हात मिळवायचा आणि दिवस संपेपर्यंत पट्ट्या लावत थांबायचं. तोंड लपवून घरी निघून गेलेला माणूस आमच्यात परत मान वर करू शकत नाही.

हे सगळं निंगला कुणी वेगळं सांगायला नको होतं. लुनिंगनिंग मालाबानान, सरकारी शाळेतली गणिताची बाई, ताता सिमोंची मानसकन्या. तिच्या बाप्तिस्म्याला तेच धर्मपिता म्हणून उभे राहिलेले, म्हणून ती त्यांना 'निनोंग' म्हणते. पिस्तूल पहिल्यांदा तिच्या हातात दिलं तेही त्यांनीच. यंदा देशाच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती या शेवटच्या निवड स्पर्धेत ठरणार होती. आतापर्यंतच्या गुणांत निंग पहिली होती. शाळेतल्या पोरांनी फाटकावर फलकसुद्धा लावून टाकला होता, अजून निवड व्हायची होती तरी. आमच्याकडे धीर धरायची पद्धत नाही.

निंग त्या फेरीत धावली ती मी बघतच राहिले. दार ढकललं, आडोशामागून चार पुठ्ठे, मग खाली वाकून फटीतून दोन, आणि शेवटी लोखंडी पत्र्यांची रांग. शेवटचा पत्रा डुलला, पडेना, पडेना, आणि पडला. लोकांनी टाळ्या पिटल्या. तिचं लक्ष त्या पत्र्यावरच होतं.

"संपलं असेल तर रिकामं करा आणि दाखवा," ताता सिमो म्हणाले.

तिनं मॅगझिन काढलं, पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढून धरला. आत एखादी गोळी राहिली असेल तर ती उडून बाहेर पडते. काही पडलं नाही. आपली शेवटची गोळी पत्र्यात गेली, असं तिनं धरलं. आत चेंबरमध्ये तिनंही बघायला हवं होतं, पण ती अजून पत्र्याकडेच बघून हसत होती. आत बघायला तिचे निनोंग होते. ते वाकले. पिवळ्या काचांचा चष्मा, मान एका बाजूला तिरकी, कोंबडी दाण्याकडे एका डोळ्यानं बघते तशी. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं त्यांनी.

"रिकामं असेल तर चाप ओढा, कमरेला ठेवा."

यानंतर नुसता 'टिक' असा आवाज यायचा असतो. गोळी सुटली. समोरच्या बांधाची माती उडाली. पुढं अजून कुणी गेलं नव्हतं, म्हणून कुणाला लागलं नाही. गोळी बाहेर ओढणारा बारीक आकडा झिजलेला होता, तो गोळीवरून घसरला आणि ती आतच राहिली, हे नंतर कळलं.

नियम कडक आहे आणि मला तो पटतो. आत कुणीही बघितलेलं असो, चाप ज्यानं ओढला तो बाद. रेंज ऑफिसरला त्यात काही होत नाही.

"थांबा," ताता सिमो म्हणाले. हा त्यांचा शब्द, पण आवाज त्यांचा वाटला नाही. तिच्याकडून पिस्तूल पुन्हा रिकामं करून घेतलं, आणि मग त्यांनी स्वतःच्याच तोंडानं सांगितलं, "बाद."

निंग पांढरीफटक पडली होती. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग हात पुढं केला. "थँक यू, निनोंग." त्यांनी तो हात हातात घेतला. त्यांनी तो घेतला, हे मला आज आठवलं तरी कसंतरी होतं.

निवाडा करायला आमचे स्पर्धाप्रमुख आले. त्यांना सगळे अटर्नी म्हणतात, कारण ते वकील आहेत. त्यांनी निंगला विचारलं, "काही सांगायचंय?"

"नाही, अटर्नी. पिस्तूल माझ्या हातात होतं."

"सिमो, तुमचं?"

ताता सिमो चष्मा पुसत होते. "नाही," म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत पानसितचे, म्हणजे परतलेल्या शेवयांचे, डबे उघडले आणि जिभा सुटल्या. तांदळाच्या गिरणीचा मालक बोयेत, सगळ्यांत मोठं तोंड त्याचं. "मॅडम, एक गोळी घरी न्यायची होती का? सांगायचं ना, आम्ही दिली असती." निंगनं घास तसाच ठेवला. दुसरा म्हणाला, "गणिताच्या बाई आणि गोळ्या मोजता येईनात." ती हसली. हसणं भाग होतं. चिडवणं झेललं नाही तर ते जास्त वाढतं. मी बोयेतला म्हटलं, "तुझ्या गिरणीत खड्याशिवाय एक पोतं कधी निघालंय का रे, तू बोलतोस?" त्यानं तोंड डब्यात घातलं.

ताता सिमो जरा लांब, फणसाखाली, डबा न उघडता बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

सुट्टीनंतर पहिला नंबर बोयेतचाच. निंग पट्ट्यांची गुंडाळी हातात घेऊन मागं उभी. बोयेत धापा टाकत धावला, गोळ्या झाडल्या, मॅगझिन काढलं, पिस्तूल उघडून धरलं. ताता सिमो वाकले. मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूला केली. आम्ही पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. ते वाक्य येईना.

"ताता, हात दुखला," बोयेत म्हणाला.

ताता सिमो सरळ झाले. "मला दिसत नाही," म्हणाले.

"चष्मा पुसा ना."

"चष्म्याचं नाही. डोळ्यांचं. मोतीबिंदू आहे, दोन्हीत. आत सगळं दुधासारखं दिसतं. सकाळीही तसंच दिसलं." मग मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "निंगच्या पिस्तुलात मला काही दिसलं नाही आणि मी आज्ञा दिली. तिला कुणी काही बोलू नका."

बोयेतची मान खाली गेली. पिस्तूल मात्र त्यानं तसंच बांधाकडे धरून ठेवलं, तेवढी शिस्त त्याला ताता सिमोंनीच लावलेली. अटर्नी आले, त्यांनी आत बघितलं, आज्ञा दिली. टिक. मग ते हळूच म्हणाले, "सिमो, तिचा निकाल बदलत नाही."

"माहीत आहे. मीच शिकवलाय तिला तो नियम."

आता निंग रडेल, त्यांच्या गळ्यात पडेल, असं मला वाटलं. ती तरातरा त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. "केव्हापासून?"

"पाऊस संपल्यापासून."

"आणि रोज माणसांच्या मागं उभे राहत होता? निनोंग, माझी जागा गेली, जाऊ दे. पण पुढं कुणी पट्टी लावायला गेलं असतं तर? मी मारलं असतं त्याला. माझ्या हातानं."

"हो."

"का नाही सांगितलं?"

"लाज वाटली," ते म्हणाले. "इथं मी कुणीतरी आहे. घरी नुसता म्हातारा. आणि सकाळी तू हात पुढं केलास तेव्हा कळलं, तुला कळलंय. तरी मी तो घेतला. त्याची जास्त लाज वाटते."

अटर्नींनी बोयेतचे गुण ओरडून सांगितले, मी टिपले, बाकीचे पत्रे उभे करायला पांगले. ताता सिमोंना कुणी बाद केलं नव्हतं. तरी ते पुठ्ठ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि हात पसरला. निंगनं गुंडाळीतून पट्टी फाडली आणि रागारागानंच त्यांच्या तळव्यावर चिकटवली.

मी टॅब घेऊन मागंच होते. त्यांनी पट्टी लावली ती भोकाच्या दोन बोटं बाजूला. निंगनं तिसरीकडे बघितल्यासारखं केलं, एक पट्टी काढून गुपचूप खऱ्या भोकावर लावली आणि त्यांना दुसरी दिली. तीही हुकली. हिनं तेही भोक बुजवलं.

"बुजतायत ना गं?" त्यांनी विचारलं.

निंगच्या तोंडावर 'हो' आलेलं मला दिसलं. तिनं ते गिळलं.

"नाही, निनोंग. बाजूला लागतायत. दोन्ही."

त्यांचा हात खाली आला. क्लबातली सगळी माणसं बघत होती आणि त्यांना ते ठाऊक होतं. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला तो माणूस तसाच उभा राहिला. मग त्यांनी तर्जनी पुढं केली. "दाखव."

निंगनं त्यांचं बोट धरलं आणि भोकावर नेऊन टेकवलं. त्यांनी कडा चाचपली, दुसऱ्या हातानं पट्टी लावली, वरून अंगठा दाबला. पुठ्ठ्यावर अजून बरीच भोकं होती. पुढचा नेमबाज तयार होऊन थांबला होता, पण लवकर आटपा असं कुणी म्हणालं नाही.