पितृपक्षातला सौदा

सगळ्यात आधी सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आम्ही बौद्ध. घरात भूतखेत, अंगारे-धुपारे, श्राद्धपक्ष यातलं काही कधी शिरलंच नाही. शाळेत कुणी हडळीची गोष्ट सांगायला लागलं की मी पुरावा मागायचो आणि मार खायचो. या सदरातले अनुभवसुद्धा मी हसत हसतच वाचत आलोय... तरी आज हा लिहितोय, कारण तो प्रकार माझ्याबरोबर पाहणारी दोन्ही माणसं आता राहिली नाहीत.

१९९४ सालची गोष्ट. बी.कॉम. होऊन मी भिवंडीत, धामणकर नाक्याजवळच्या एका शेअर सब-ब्रोकरकडे नोकरीला होतो. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आमचं ऑफिस – एक टेबल, एक फोन, दोन बाकडी आणि भिंतभर काळा फळा. तेव्हा कॉम्प्युटर कुठले! मुंबईला फोर्टात मोठ्या ब्रोकरच्या ऑफिसमधून दिनेशभाई फोनवर भाव सांगायचे आणि मी खडूने ते फळ्यावर लिहायचो. रिसीव्हर मानेत दाबलेला, पाठ लोकांकडे, डाव्या हाताच्या बोटाने जुना भाव पुसायचा, उजव्याने नवा लिहायचा. आमच्या शेठचं एकच शिकवणं होतं – कानातून थेट हातात, मध्ये डोकं आणायचं नाही. डोकं आणलं की चूक होते. मी त्यात इतका तयार झालो होतो, की फळा भरला तरी आपण काय लिहिलं ते मलाच वाचून बघावं लागायचं.

बाकड्यावर रोज बसणारे एक म्हणजे शेलार गावचे नाना भोईर. आगरी गृहस्थ, पांढरं धोतर, पांढरी टोपी. खाडीकडची थोडी जमीन विकून मोकळे झालेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही. घेणं-विकणं क्वचितच, पण हजेरी पक्की. आल्या आल्या विचारायचे, "आज कोन परला?" जसं काही कुणी जिन्यावरून घसरलंय. माझ्या डब्यातली भाजी हक्काने चाखायचे आणि आईला निरोप धाडायचे की मीठ जरा बेताने घाला. पितृपक्षात मात्र ते ऑफिसात नुसते बसत. त्या पंधरवड्यात नवीन काही विकत घ्यायचं नाही म्हणजे नाही, साधी चप्पलसुद्धा. शेठ त्यांना चिडवायचा, मीही.

त्या वर्षी गणपती बुडाले आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. सुरत आणि भिवंडी म्हणजे सूत आणि माग, रोजचं येणं-जाणं. दोन दिवसांत तोंडाला रुमाल, रुमालाला निलगिरी. मेडिकलमधल्या टेट्रासायक्लीनच्या गोळ्या गायब. कामगार गाठोडी बांधून गावी पळाले आणि लूम बंद पडले. जन्मापासून जो खडखडाट कानात होता तो थांबला, तेव्हा कळलं की आपल्या गावात कावळेपण ओरडतात. बाजारात तर सगळे एकाच दाराकडे धावत होते – विका, विका. परदेशात आपला माल कोण घेणार, विमानं बंद होणार, कापडाचे शेअर विकणारे शंभर आणि घेणारा एक नाही. एक औषध कंपनी तेवढी वर चालली होती. ते पाहून शेठ हळूच खूश व्हायचा आणि मग ओशाळायचा.

त्याच आठवड्यात माझी ताई सुरतेहून पळून आली. भावजी तिकडे कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कामाला, ते मागे अडकले. ती ट्रकमधून आली ती अंगात सणकून ताप घेऊनच. आम्ही तिला ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे तिला वेगळ्या वॉर्डात ठेवलं, आत कुणालाच सोडत नव्हते. आई दिवसभर फाटकापाशी बसून राहायची. मी ऑफिसात चकार शब्द काढला नाही. सुरतेची बहीण तापाने पडलीय म्हटलं असतं तर मला पायरी चढू दिली नसती. हे मुद्दाम सांगतोय – ताईचं नाव, ती आजारी असणं, यातलं त्या ऑफिसात एकालाही माहीत नव्हतं. ताई जगते की नाही एवढं एकच डोक्यात घेऊन मी खडू धरत होतो.

एके दिवशी दुपारचा फोन आला. ऑफिसात शेठ, नाना आणि मी. मी रिसीव्हर मानेत दाबला आणि लिहायला लागलो. लाइनमध्ये घरघर होती, आवाज दिनेशभाईंचा वाटला नाही, पण तिकडे माणसं बदलायची. आवाज एकसुरी होता, ना बाईचा ना पुरुषाचा. मी लिहीत गेलो, पुसत गेलो, लिहीत गेलो.

मागे शेठ म्हणाला, "ये कौनसी कंपनी है?" त्या काळात रोज एक नवी कंपनी निघायची, कुणी बायकोच्या नावाने काढायचा, कुणी देवाच्या. मी डोकं वर करून फळा वाचला.

माझ्या अक्षरात लिहिलं होतं – सुनंदा प्रकाश जाधव. माझी ताई. पुढे भाव. चाळीसच्या आसपास सुरुवात झाली असावी, कारण पुसलेल्या खडूत चाराचा आकडा दिसत होता. आता तिथे तीस होतं. आणि कानात आवाज म्हणाला, "अठ्ठाईस."

माझा हात आपोआप वर गेला आणि मी अठ्ठावीस लिहिलं.

मला खूप भीती वाटली. हात मात्र थांबेना. पंचवीस. एकवीस. मी मोठ्याने म्हणालो, की ही माझी बहीण आहे, दवाखान्यात आहे, आणि कुणीतरी तिचा भाव सांगतंय. शेठ खुर्चीतून उठून भिंतीला लागला. त्याला वाटलं मला ताप चढलाय. आवाज मध्येच थांबून विचारत होता, "कोई लेनेवाला?" आणि उत्तर नाही म्हणून पुन्हा आकडा खाली आणत होता.

नाना उठून माझ्याजवळ आले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"भाव परतोय म्हंजे घेनारा न्हाय," ते म्हणाले. "माज्या नावाव घे."

शेठ तिकडून पुटपुटला, "नाना, पितृपक्ष चालू है."

"मना ठावं हाय," नाना म्हणाले. "घे पोरा, बोल."

मी फोनमध्ये म्हणालो, "लिया." सवयीने पार्टीचंही नाव सांगितलं – नाना भोईर, शेलार. पलीकडे घरघर थांबली. आवाजाने विचारलं, किस भाव से. मी नानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आसंल त्या." मी तेच सांगितलं. आवाज म्हणाला, "डिलिव्हरी सेटलमेंट को." मग तो पुढचं नाव घ्यायला लागला आणि मी रिसीव्हर आपटला.

लगेच पुन्हा घंटी वाजली. शेठने उचलला. दिनेशभाई होते, वैतागलेले – म्हणे त्यांच्या इमारतीतले फोन सकाळपासून मेलेले, आत्ता जीव आला. मी ओल्या फडक्याने फळा पुसला आणि तसाच ठाण्याला गेलो. आई फाटकापाशी उभी होती. म्हणाली, दुपारी ताप उतरला, तिने पेज मागितली.

नाना रोज येत राहिले. त्या प्रकाराबद्दल मी बोलायला गेलो की ते टोपी नीट करत आणि डब्यात काय आहे विचारत. शेठने तर मला बजावलं की लाइन क्रॉस झाली होती, विषय संपला. मलाही तसंच मानायचं होतं. पण सेटलमेंट, म्हणजे घेतलेल्या मालाचे पैसे चुकवायचा दिवस, कधी आहे ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि ते नेमकं सर्वपित्री अमावास्येच्या आसपास येत होतं.

सेटलमेंटच्या दिवशी नाना अंघोळ करून, नवं धोतर नेसून आले. पितृपक्षात नवं धोतर पाहून शेठने चहाचा कप खाली ठेवला. नानांनी मला विचारलं, "बहीन कशी हाय?" मी म्हटलं, बरी आहे, उद्या-परवा सोडतील. "मंग झाला तर," म्हणाले आणि बाकड्यावर बसले. फोन वाजला. दिनेशभाईच होते. प्लेगची भीती ओसरत चालली होती, एकेक भाव वर येत होता, मी भराभर लिहीत होतो आणि मागून नानांचं "वर का? वर का?" ऐकू येत होतं. मग ते ऐकू येईना. फळा भरून मी वळलो, तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटून, हात मांडीवर उघडे ठेवून... काहीतरी घ्यायला ठेवतात तसे. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

ताई घरी आली. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. दोनेक दिवसांनी जेवताना तिनेच विचारलं, की वॉर्डात येणारे ते पांढऱ्या टोपीवाले म्हातारे कोण. जिथे आईला सोडलं नाही तिथे हा माणूस रोज संध्याकाळी खाटेजवळ बसायचा म्हणे. "काय बोलायचे?" मी विचारलं. ताई म्हणाली, "एकच. घाबरू नको पोरी, तू आता माज्या नावाव हायस."

मी ताट सोडून उठलो आणि बाहेर जाऊन रडलो.

पुढे कॉम्प्युटर आले, फळा निघाला, शेठही गेला. क्रॉस कनेक्शन म्हणावं तर त्या आवाजाला ताईचं नाव कसं ठाऊक? भास म्हणावं तर शेठने फळा वाचला होता. ताई आता आजी झालीय. आमच्यात श्राद्ध करत नाहीत, तरी सर्वपित्रीला ती शेलारला जाऊन नानांच्या बंद दारापाशी एक पान ठेवून येते. मी कधी सोबत जात नाही. तिला वाटतं, माझा विश्वास नाही म्हणून.

खरं कारण वेगळं आहे, मला त्या दारापाशी जायची भीती वाटते. मी रिसीव्हर आपटला त्याआधी आवाजाने पुढचं नाव पूर्ण घेतलं होतं, आणि ते माझं होतं. फोर्टमध्ये मला सगळे नुसतं 'भिवंडीवाला' म्हणायचे, माझं नाव तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आवाजाने ते वडिलांच्या नावासकट घेतलं. भाव मी ऐकला नाही. तो आज कितीवर आलाय, मला माहीत नाही... आणि नाना तर आता बाकड्यावर नाहीत.