मनातलं ऐकायची शक्ती

खेळात नवऱ्याच्या मनातलं ऐकायची शक्ती मागणारी येडी लालबागच्या आमच्या चाळीत एकच होती, ती म्हणजे मी.

गिरण्यांचा संप चालू होता. शेजारणीकडे आलेली एक पाहुणी फासे खुळखुळवत अचाट वीरांचा खेळ मांडायची. प्रत्येकानं तिच्याकडे एक शक्ती मागायची; मग खेळातल्या गोष्टीत कुणी उडायचं, कुणी अदृश्य व्हायचं. संपापासून हसू विसरलेले आमचे हे तिच्यापुढे खदखदून हसायचे. माझा नुसता जळफळाट!

माझी पाळी आली. मी ती शक्ती मागून घेतली आणि विचारलं, "ह्यांच्या मनात कोण आहे?"

ह्यांचं हसू मावळलं. "कोणी नाही गं. बंद गिरणीचा भोंगा वाजतो रोज."

खेळ तिथंच मोडला. फासे गोळा करताना पाहुणी हळूच म्हणाली, "वहिनी, ही शक्ती मी कुणालाच देत नाही. पण तुम्ही माझ्याकडे अशा बघत होता, नाही म्हणायची हिंमतच झाली नाही."