रोडग्यांची राख

२३ फेब्रुवारी, रविवार. आज गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलासाठी राख आणायची.

अकोल्यातल्या आमच्या अंगणात तीन वेल लावले होते. बी माहेरचं, अंजनगाव सुर्जीचं. आता तिथेही ते कुणाकडे उरलेलं नाही. लाल भुंगेऱ्यांनी दोन वेल कोवळे असतानाच खाऊन टाकले. तिसऱ्याच्या पानांची चाळणी व्हायला लागली, तशी आमच्या यांनी कपाशीवर फवारायच्या औषधाची बाटली आणून ओट्यावर ठेवली. या वेलाच्या फुलांची आम्ही भजी खातो. मी नाही म्हटलं.

"बरं," हे म्हणाले. "पन उद्या सकायी भुंगेरे दिसले, का मी बाटली उघडतो."

पानांवर राख भुरभुरली की भुंगेरे बसत नाहीत. माझी आई तेच करायची, पण तिच्याकडे चूल होती. माझ्याकडे गॅस. नशीब, त्याच दुपारी थोरल्या जाऊबाईंच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी, वरणाशी खायचे. मागे उरते ती ढीगभर राख.

जेवल्याबरोबर मी प्लास्टिकची पिशवी घेऊन राखेशी बसले.

"काय वं," जाऊबाई म्हणाल्या, "लोकं रोडगे बांधून नेतात अन् तू राख नेऊन राहिली?"

"रोडगेही द्या की."

त्यांनी स्टीलच्या डब्यात पाच रोडगे भरून दिले. राखेची पिशवी मी स्कूटरवर यांच्या पायांशी ठेवली आणि निघालो.

"पायाले गरम लागून रायलं," हे म्हणाले.

"ऊन आहे."

जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "ऊन एकाच पायाले लागते काय वं?"

तेवढ्यात प्लास्टिक जळल्याचा वास आला. थांबून पाहतो तर पिशवीला बूड नाही. राखेच्या पोटात निखारे जिवंत होते आणि मी वरवर हात लावून ती थंड समजले होते. अर्धी राख रस्त्यावर गेली, यांच्या पॅंटला खाली भोक पडलं. हे विझवायला पाण्याची बाटली उघडायला लागले. मी हात धरला. ओल्या राखेचा चिखल होतो, तो भुरभुरता येत नाही.

काडीने निखारे बाजूला केले, राख निवू दिली.

"डबा द्या," मी म्हटलं.

"त्याच्यात रोडगे हायेत."

"माहीत आहे. रुमाल काढा."

"रोडगे रुमालात अन् राख डब्यात," हे म्हणाले. "वहिनीले सांगू नको."

सोमवारी पहाटे मी उठले. त्या वेळी भुंगेरे सुस्त असतात, पटकन उडत नाहीत. दिसले तेवढे वेचून साबणाच्या पाण्यात टाकले. राख चिकटावी म्हणून पानांवर थोडं पाणी शिंपडलं आणि राख जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधून वरून-खालून झटकली. वेल पांढरा झाला. मग आम्ही दोघं चहा घेऊन पायरीवर बसलो. यांच्या शेजारी ती बाटली होतीच.

ऊन चढल्यावर दोन भुंगेरे आले. पानाभोवती फिरले, भिंतीवर टेकले आणि कुंपणापलीकडे निघून गेले. आम्ही आणखी बराच वेळ बसलो. एकही परत आला नाही.

हे उठले, बाटली उचलून कपाटावर ठेवली आणि चहात बुडवून शिळा रोडगा खायला लागले. डब्याच्या तळाशी मूठभर राख उरली होती. तिनेच मी जाऊबाईंचा डबा घासून लख्ख केला.