सोड्याच्या सिलिंडरवर आलेला आळ

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? — कदाचित तुम्ही माईंना ओळखत नाही, म्हणून.

माई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. माहेर कामठीचं, भाऊ वसंता तिथे सोड्याचा कारखाना चालवायचा. मी वनस्पतिशास्त्रातली एम.एस्सी. — आणि ते घरात कुणाला विसरू द्यायची नाही. मामंजी निवृत्त झाले आणि रामदासपेठेतल्या आमच्या दिवाणखान्यात पलंगाएवढं मत्स्यालय आलं. त्यात एंजल मासे, आणि मामंजींना माशांहून लाडकी अशी पाणवनस्पतींची गर्दी. पण ती वाढेना. पानं पिवळी पडायला लागली. झाडांना कर्बवायू कमी पडतोय, असं मीच सांगितलं. तो आणायचा कुठून? — सोड्याच्या बाटलीत असतो, तोच की.

वसंताने सिलिंडर आणलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यातून सलाईनची नळी मिळाली. तिचा चिमटा आवळून बुडबुडा एकेक करून सोडायचा, अशी जोडणी आम्ही दोघांनी केली. पावसाळ्यातल्या कुंपणासारखी झाडं फोफावली. मामंजी आल्यागेल्याला सांगायचे, ही वसंताची कमाल. वसंताची! डोकं माझं आणि नाव सोडेवाल्याचं. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

मग मे महिन्यातला तो रविवार. संध्याकाळी मामंजींचे जुने साहेब यायचे होते. वसंता आदल्याच दिवशी नवं भरलेलं सिलिंडर लावून गेला होता. वायू जास्त मिळाला की पानांवर प्राणवायूचे बारीक मोती चढतात, हे मी वाचलं होतं. ते आज दिसले पाहिजेत — आणि माझ्यामुळे दिसले पाहिजेत. जेवणं झाली, सगळे कूलरपुढे आडवे झाले. मी चिमटा सैल केला. बुडबुड्यांची धार लागली. थोडाच वेळ, म्हटलं, आणि जाऊन पडले. डोळा लागला.

जाग आली ती दचकून. धावत गेले, तर मासे पाण्याबाहेर तोंडं काढून धापा टाकत होते. काही कलंडले होते. मी चिमटा आवळला — अगदी पहिल्यासारखा. आता एरवी बंदच असणारा हवेचा पंप लावायचा, एवढंच बाकी होतं. वायू निघून गेला असता. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण पंप चालू दिसला असता, तर कोणी लावला, का लावला — सगळंच बाहेर आलं असतं. बटणावर ठेवलेलं बोट मी उचललं. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

थोड्या वेळाने माई उठल्या. त्यांनी ते पाहिलं आणि मला हाक मारली. पुन्हा मारली. मी डोळे मिटून लांब श्वास घेत राहिले. मग बादल्यांचे आवाज येऊ लागले. बिचाऱ्या एकट्याच पाणी बदलत होत्या.

एकही मासा वाचला नाही. साहेबांना येऊ नका म्हणून कळवलं, आणि वसंताला बोलावणं गेलं. तो अंगावरच्या कपड्यांनिशी आला. "याच गॅसचा सोडा साऱ्या कामठीले पाजून राहिलो, बाबूजी," तो म्हणाला. "खोट असती तं मले कळलं नसतं का?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेली मी. तुझं काय म्हणणं, असं त्यांनी विचारलं.

"गॅस शुद्ध नसावा," मी म्हणाले.

बस, एवढंच. वसंताने सिलिंडर उचललं. पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस, असं मामंजींनी त्याला माईंच्या देखत सांगितलं. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी येतो; आमच्याकडे बहीणच ओवाळणीचं तबक घेऊन कामठीची बस धरायची. त्या तबकावर रुमाल बांधून कोण द्यायचं? — मी. वर्षानुवर्षं. मामंजी गेल्यावर आम्ही निरोप धाडला, पण वसंता आला नाही.

मग वसंताही गेला. त्या भाऊबीजेला माई तबक मांडीवर घेऊन नुसत्याच बसल्या होत्या. मी चहा नेला. त्यांनी वर न पाहता विचारलं, "त्या दुपारी तू जागी होती का वं?"

नाही, माई, झोप लागली होती, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, चहा घेतला, आणि तबक पुसून फडताळात ठेवून दिलं.

माई अजून आहेत. आत्ता शेजारच्या खोलीत आहेत, खोकल्याचा आवाज येतोय.

मी जागी होते.